नळी कुठे होती?

‘पीयूसी नाही, तर इंधन नाही’ हे धोरण कडक राबवू, असे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. तेव्हापासून वाचकांच्या पत्रांचा सूर बदललेला नाही. उमरग्याकडच्या एका गॅरेजवाल्यांचे पत्र नमुन्यादाखल घ्या. बीएस-४ पेट्रोल गाडी, स्कॅनरवर पी०४२०, सायलेन्सर ठोकून पाहिला तर आत जाळीच नाही. ग्राहकाला खर्च सांगितला. त्याने खिशातून पीयूसी काढून दाखवली: गाडी पास, वर्षभराची मुदत. “मग तुम्ही कशाचे पैसे मागता?”

उत्तर काय द्यायचे? या गाडीला आयडलवर सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएमची मर्यादा आहे. २५०० आरपीएमच्या आसपास सीओ ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. मिश्रण कितीही नेमके असले तरी पोकळ कॅटची गाडी या सीओत बसणे फार कठीण. तरी ती पास झाली असेल, तर तपासणीच्या वेळी यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये होती की दुसऱ्याच गाडीला लावली होती? नंबरप्लेटचा फोटो मात्र न चुकता निघतो. गाडीत ओबीडी पोर्ट आहे, समोर चेक इंजिनचा दिवा पिवळा जळतो आहे. पण पीयूसीच्या तपासणीत तो पोर्ट कोणी वाचत नाही. पेट्रोल गाडीचा नॉक्स तर मोजलाच जात नाही. आणि आता असल्या चिठ्ठीवर पंपावरचे तेल ठरणार! आधी केंद्रे तपासा, मग पंपावर पहारा बसवा.

साहेबांना बोलून झाले, आता घरचे. ईकोचे सायलेन्सर राज्यभर चोरीला का गेले, हे आपल्याला सांगायला नको. आतल्या ‘माती’तल्या पॅलॅडियम-ऱ्होडियमचे भाव २०२१-२२ मध्ये आभाळाला टेकले होते. पुढे ते कोसळले, तरी ‘जाळी काढा, पिकअप वाढतो’ हा सल्ला काही गॅरेजांतून गेलेला नाही. मागच्या सेन्सरला स्पेसर लावून दिवा विझवणे ही दुरुस्ती नव्हे. गाडीतल्या अशा बदलासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड होऊ शकतो. माती विकून पैसे आपण घ्यायचे आणि दंड ग्राहकाने भरायचा, हा कुठला धंदा?

उलट टोकाचे लोकही आहेत. पी०४२० दिसला की लगेच नवा कॅट. आधी मिसफायरचे कोड पाहा, फ्युएल ट्रिम पाहा, मॅनिफोल्डपासून मागच्या सेन्सरपर्यंत गळती शोधा. इंजिन तापल्यावर मागच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.६-०.७ च्या आसपास स्थिर असेल, तर कॅट काम करतो आहे. पुढच्या सेन्सरसारखेच खालीवर नाचत असेल, तर संशय खरा. गाडी दम धरत नसेल, तर पुढच्या सेन्सरच्या भोकात गेज लावून बॅकप्रेशर मोजा; २५०० आरपीएमला तीन पीएसआयच्या वर गेले, तर जाळी तुंबली समजा. हल्ली प्रत्येक दोषाचे खापर इथेनॉलवर फोडतात. ई-२० मुळे ट्रिम थोडा वर सरकतो, जाळी वितळत नाही. ती वितळते मिसिंगमुळे. खराब कॉइल किंवा इंजेक्टर तसाच ठेवून नवा कॅट बसवलात, तर तोही जाईल. तेल खाणाऱ्या इंजिनाचेही तेच.

तेव्हा विनंती दोन. काढलेला जुना कॅट ग्राहकाच्या हातात द्या आणि बिलावर तसे लिहा. आणि जाळी नसूनही पास झालेल्या गाडीची पीयूसी हाती आली, तर नाव व गाडीचा नंबर झाकून तिचा फोटो, स्कॅनरच्या नोंदीसह, आमच्याकडे पाठवा. त्यावरचे सीओ आणि लॅम्डाचे आकडे स्पष्ट दिसले पाहिजेत. पुरेशा चिठ्ठ्या जमल्या की धाराशिवच्या परिवहन कार्यालयात त्या आम्ही स्वतः नेऊन देऊ.