औषधालाही औषधनिर्माता नाही!

एखादी वस्तू शोधूनही मिळत नसेल तर ती 'औषधालाही सापडत नाही' असे मराठीत म्हणतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या दुर्गम भागात हा वाक्प्रचार शब्दशः खरा ठरतो आहे. भामरागड, एटापल्ली, कोरची, सिरोंचा वा जिवतीच्या डोंगरपट्टीपर्यंत औषध कसेबसे पोहोचते. पण ते पारखून, मात्रा तपासून आणि रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून हाती देणारा जाणकार मात्र औषधालाही सापडत नाही.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेल्या गडचिरोली जिल्ह्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यास २०२४ साल उजाडावे लागले. चंद्रपूरला ते २०१५ मध्ये मिळाले होते. दोन्ही घटना स्वागतार्ह आहेत. परंतु डॉक्टरने चिठ्ठी लिहिली म्हणजे उपचार पूर्ण होत नाही. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता या तीन कड्यांची ही साखळी आहे. पहिल्या दोन कड्यांची चर्चा विधिमंडळापासून वृत्तपत्रांपर्यंत होते. तिसरी कडी कोणाच्या गणतीतच नसते. दुर्गम आरोग्य केंद्रांतील मंजूर पदे रिक्त राहतात ही नित्याची तक्रार आहे. अशा वेळी गोळ्या वाटण्याचे काम आधीच ओझ्याने वाकलेल्या परिचारिकेवर किंवा थेट शिपायावर येऊन पडते.

'गोळ्या तर द्यायच्या, त्यात एवढे काय?' असे शहरातील सुशिक्षितालाही वाटते. त्याने या भागातील हिवतापाचा विचार करावा. महाराष्ट्रातील हिवतापाच्या रुग्णांपैकी फार मोठा वाटा वर्षानुवर्षे एकट्या गडचिरोलीचा राहिला आहे. या तापाचा एक प्रकार मुळापासून घालवायचा तर प्रायमाक्विनच्या गोळ्या सलग १४ दिवस घ्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की रुग्ण गोळ्या सोडतो आणि काही आठवड्यांनी तोच ताप पुन्हा डोके वर काढतो. हेच औषध गर्भवतीला देता येत नाही. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या द्रव्याची उणीव असते त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात, आणि ही उणीव वनवासी समाजात तुलनेने अधिक आढळते. सिकलसेलच्या रुग्णाला दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया वर्षानुवर्षे, रक्ताच्या नियमित तपासण्या करीतच घ्यायचे असते. सर्पदंशावरील द्रवरूप प्रतिविष २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहिले नाही तर ऐन वेळी निष्प्रभ ठरण्याची भीती असते. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद होण्यापूर्वी कोणते औषध किती साठवून ठेवायचे, हा हिशेबसुद्धा कोणीतरी जाणत्यानेच मांडावा लागतो. हे काम हमालाचे नाही, शास्त्राचे आहे.

या शास्त्राकडे पाठ फिरविल्याची किंमत विदर्भाने अलीकडेच जवळून पाहिली आहे. नागपूर जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयाला पुरविलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधाऐवजी टाल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचे २०२४ मधील पोलिसांच्या आरोपपत्रात नमूद झाले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात विषारी डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील कित्येकांनी नागपूरच्या रुग्णालयांत अखेरचा श्वास घेतला. बाटलीतील विष नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कोणालाच शक्य नव्हते, हे मान्य. पण त्या औषधातील घटकांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिलेला होता. तो वाचणारा, लक्षात ठेवणारा आणि चिमुकल्याच्या आईला 'हे देऊ नका' असे सांगणारा माणूस दुकानाच्या फळीमागे उभा असता, तर काही घरांतील दिवे विझले नसते.

असा माणूस घडविण्याचा विचार या देशाला नवा नाही. परकीय राजवटीत औषधशास्त्र म्हणजे कंपाउंडरची हातचलाखी, एवढीच त्याची प्रतिष्ठा होती. बाजारातील भेसळीची चौकशी करणाऱ्या कर्नल रामनाथ चोप्रा समितीने १९३०-३१ मध्ये या दुरवस्थेकडे लक्ष वेधले. त्यानंतर लगेचच, १९३२ मध्ये महामना मालवीयजींच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रा. महादेवलाल श्रॉफ यांनी या विषयाच्या विद्यापीठीय शिक्षणाचा पाया घातला आणि १९३७ मध्ये तेथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. शासनाच्या आदेशाची वाट न पाहता राष्ट्राची गरज ओळखून उभे राहिलेले हे कार्य होते. स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच, १९४८ मध्ये, फार्मसी कायदा आला आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यावे, हे तत्त्व त्याने प्रस्थापित केले.

मग आज महाराष्ट्रात औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांचा दुष्काळ आहे काय? मुळीच नाही. उलट पीक इतके माजले की भारतीय फार्मसी परिषदेने २०१९ मध्ये नव्या संस्थांवर पाच वर्षांची बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी ती रद्द ठरविली आणि राज्यात पुन्हा नव्या महाविद्यालयांची रीघ लागली. आता अनेक ठिकाणी जागा रिकाम्या राहत आहेत. दुसरीकडे, पदविका मिळवून प्रमाणपत्र दुकानदाराला भाड्याने द्यायचे आणि स्वतः भलताच उद्योग करायचा, ही कीड या व्यवसायाला लागली आहे. तेव्हा शिक्षणसम्राटांनी आणखी एक इमारत उभारल्याने एटापल्लीचा प्रश्न सुटणार नाही. पदवीधर पुष्कळ आहेत; वनात राहणारा पदवीधर नाही, हे खरे दुखणे आहे.

म्हणूनच या दोन जिल्ह्यांसाठी नवी संस्था हवी, आणि ती वेगळ्या घडणीची हवी. ती शासनाची असावी किंवा २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या छत्राखाली असावी. वर्ग जागा मिळेल तेथे न भरता, चंद्रपूर आणि गडचिरोली येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांशी जोडलेले असावेत. पदविकेसाठी अनिवार्य असलेले ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण विद्यार्थ्याने ग्रामीण रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत पूर्ण करावे. प्रवेशात दुर्गम तालुक्यांतील मुलामुलींना अग्रक्रम असावा. शिक्षण नि वसतिगृह विनामूल्य असावे आणि त्या बदल्यात काही वर्षे त्याच भागात सेवा देण्याचा करार असावा. माडिया, गोंडी किंवा सिरोंच्याकडील तेलुगू बोलणारी मुलगी जेव्हा 'ताप गेला तरी चौदा दिवस गोळी घ्यायची' असे आपल्याच बोलीत सांगेल, तेव्हा ते सांगणे काळजापर्यंत पोहोचेल. शासकीय नोकरी न मिळालेल्यांना तालुक्याच्या गावी जनऔषधी केंद्र काढता येईल. त्यासाठीही प्रशिक्षित औषधनिर्माता लागतोच.

अशा आडरानात प्राध्यापक टिकणार नाहीत, मुलांना हे शिक्षण झेपणार नाही, अशी शंका काढली जाईल. या शंकेचे उत्तर याच मातीने दिलेले आहे. १९७३ पासून हेमलकशात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी रुग्णसेवेचा दीप तेवता ठेवला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच, बेताच्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली, वेळप्रसंगी इंजेक्शन देण्यासही तयार केले. त्यातून बालमृत्यू कसे घटले, याची दखल १९९९ मध्ये 'लॅन्सेट'सारख्या जागतिक नियतकालिकाने घेतली. खेड्यातली माउली हे करू शकते, तर बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेली तिची लेक औषधशास्त्र का शिकू शकणार नाही? अडचण एवढीच की, त्या लेकीला बारावी विज्ञानापर्यंत आणून सोडणारी वाटच आज अरुंद आहे. आश्रमशाळांत विज्ञानाचे शिक्षक आणि प्रयोगशाळा यांची तरतूद हा या योजनेचाच पहिला हप्ता मानला पाहिजे.

येथे समाजाचे कर्तव्य सुरू होते. बाळासाहेब देशपांडे यांनी १९५२ मध्ये जशपूर येथे वनवासी कल्याण आश्रमाचे रोपटे लावले, ते कोणत्या अनुदानाच्या आशेने नव्हे. शहरांतील निवृत्त औषधशास्त्रज्ञांनी वर्षातील एक महिना या मुलांसाठी द्यावा. औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी एकेका विद्यार्थ्याचे पालकत्व घ्यावे. नागपूर-चंद्रपूरच्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी सुटीत एखाद्या मुलाला विज्ञान-गणिताच्या तयारीसाठी घरी ठेवून घ्यावे. यांपैकी कशासाठीही शासननिर्णयाची आवश्यकता नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत भूपतीसह साठ नक्षलवाद्यांनी शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीने अडवून धरलेली वाट मोकळी होत असताना त्या वाटेवरून पहिल्यांदा कोण चालत जाते, याकडे वनवासी बांधवांचे डोळे लागलेले आहेत. खाणीचे ट्रक तर जातीलच. त्यांच्याआधी, निदान त्यांच्याबरोबर, त्याच गावची लेक हातात औषधाची पेटी आणि डोक्यात त्या औषधाचे ज्ञान घेऊन घरी परतली पाहिजे. राष्ट्र आपले आहे, ही खात्री त्या पाड्याला भाषणांनी पटणार नाही. वेळेवर मिळालेल्या योग्य गोळीने पटेल.