थेट निवड, आडवी सभा

गुलाल उधळून झाला, मिरवणुकाही संपल्या. 21 डिसेंबर 2025 रोजी निकाल लागले आणि संगमनेरपासून जामखेडपर्यंत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या 12 पालिकांवरची प्रशासकीय राजवट एकदाची हटली. आता थेट जनतेतून आलेले नगराध्यक्ष पाणी, कचरा, घरपट्टी आणि अतिक्रमणांचा कारभार सुधारून दाखवतील, अशी आशा मतदारांना लावण्यात आली आहे. ती लावणाऱ्यांनी एवढेच सांगावे, की नगराध्यक्षांच्या हाती नेमके दिले काय?

खुर्ची दिली. बाकी सगळे दुसऱ्यांच्या हाती ठेवले. ठराव सभागृहाच्या बहुमताने होणार आणि अंमलबजावणी मुख्याधिकारी करणार. ठराव झालाच, तर विरोधक 1965 च्या पालिका कायद्यातले कलम 308 घेऊन स्थगितीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे धावणार. मोठ्या निधीसाठी आमदार आणि पालकमंत्र्यांचे उंबरे झिजवायचे, ते वेगळेच. घरपट्टीच्या फेरआकारणीचा विषय पत्रिकेवर आला, की पहिला अर्धा तास मागच्या सभेच्या इतिवृत्तावर भांडण, मग सभात्याग, मग सभा तहकूब. वर्षाअखेरीस मात्र सगळेच विचारणार, ‘अध्यक्षांनी केले काय?’

कोपरगावकरांना हे नव्याने सांगायला नको. 2016 मध्ये त्यांनी विजय वहाडणे यांना अपक्ष म्हणून थेट नगराध्यक्षपदी बसवले आणि सभागृहात बहुमत दिले त्यांच्या विरोधातल्या कोल्हे गटाला. पुढे काय झाले? 28 विकासकामांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यात बरोबर कोण, हा वाद ज्याचा त्याला लखलाभ. गोदावरीच्या काठावर राहूनही नळाच्या पाण्याची दिवस-दिवस वाट पाहणाऱ्या माणसाला त्यातून काय मिळाले, हा आमचा प्रश्न आहे.

आपल्याच पक्षाचे बहुमत असले म्हणजे भागते, असेही कुणी समजू नये. अमेरिकेत बिल क्लिंटन यांच्या पक्षाचे दोन्ही सभागृहांत बहुमत होते, तरी त्यांची आरोग्य सुधारणा 1994 मध्ये बारगळली. तिथल्या बलाढ्य अध्यक्षाची ही गत, तर आमच्या नगराध्यक्षाची काय कथा! सुधारणा म्हटली की कुणाचे तरी दुकान हलते, कुणाचा तरी ठेका जातो. ज्याचे जाते तो सभागृहात माणसे बाळगून असतो.

या गोंधळाचे खरे धनी मुंबईत बसले आहेत. थेट निवड 2001 मध्ये आली, 2006 मध्ये गेली, 2016 मध्ये परत आली, 2020 मध्ये पुन्हा गेली आणि 2022 मध्ये पुन्हा अवतरली. सरकार बदलले की पद्धत बदलते. नगरसेवकांच्या सहली आणि घोडेबाजार थांबावा म्हणून थेट निवड, हे समर्थन आम्हाला मान्य आहे. पण घोडेबाजार अध्यक्षपदाच्या निवडीतून उठून प्रत्येक ठरावावर येऊन बसला, त्याचे काय? अध्यक्षाला अधिकार द्यायचे नाहीत आणि जबाबदारीतून सोडायचेही नाही, ही मतदारांची निव्वळ फसवणूक आहे.

सुधारणा होतच नाहीत, असे मात्र अहिल्यानगर जिल्ह्याने तरी म्हणू नये. 1989 मध्ये पोपटराव पवार हिवरे बाजारचे सरपंच झाले. शेतीसाठी बोअरवेल नको आणि ऊस नको, असे कडू निर्णय त्या गावाने घेतले आणि पाळले. ते एकट्या सरपंचाच्या सहीने पाळले गेले नाहीत, त्यामागे ग्रामसभा उभी होती. शहरांसाठीही 2009 मध्ये क्षेत्रसभेची तरतूद झाली, पण ती कागदावरच कुजते आहे. कारण उघड आहे. लोक समोर बसले, की विषय तहकूब करणे अवघड जाते.

म्हणून राज्य सरकारने आता तरी खेळ थांबवावा. निवडीची पद्धत निवडणुकीगणिक बदलणे बंद करावे, अध्यक्षाला जबाबदारीएवढे अधिकार द्यावेत, कोणत्या ठरावावर कोणी काय मत दिले ते पालिकेच्या फलकावर लावणे सक्तीचे करावे आणि क्षेत्रसभा घ्यायला लावावी. सरकार करील तेव्हा करील, नागरिकांनी तोवर थांबू नये. पुढच्या सर्वसाधारण सभेआधी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला गाठा आणि पाण्याच्या विषयावर तो हात वर करणार की सभात्याग, हे चारचौघांत विचारा.