कोयत्याच्या स्थलांतराला पडद्याची प्रतीक्षा

छत्रपती संभाजीनगर : आयरिश कादंबरीकार कोलम टोबीन यांची 'ब्रुकलिन' २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. दिग्दर्शक जॉन क्राउली यांनी २०१५ मध्ये तिच्यावर केलेल्या चित्रपटाला ऑस्करची तीन नामांकने मिळाली. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कला गेलेली नायिका काही काळासाठी गावी परतते आणि दोन घरांच्या ओढीत सापडते. आयर्लंडच्या स्थलांतराची व्यथा त्यातून जगभर पोहोचली.

मराठवाड्यालाही स्थलांतर नवे नाही. दसरा सरला, की बीड जिल्ह्यासह अनेक भागांतील ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांची वाट धरतात. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुलांची शाळा मात्र मध्येच सुटते. या जगण्यावर मराठीत लेखन झाले. आता प्रतीक्षा आहे ती वाचक आणि प्रेक्षक या दोघांनाही हलवून सोडणाऱ्या कलाकृतीची.

या मातीत ती क्षमता निश्चितच आहे. बाबा भांड यांच्या कादंबरीवरील, पैठणच्या गोदाघाटाचे वास्तव मांडणाऱ्या 'दशक्रिया'ने सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. तो २०१७ मध्ये प्रदर्शित झाला.

'ब्रुकलिन'च्या नायिकेला एकदा कायमचा निर्णय घेता येतो. ऊसतोड मजुराला ती मुभा नाही. हंगाम संपताच तो परततो, आणि फिटली नाही तर उचल त्याला पुन्हा फडात नेते. दरवर्षी नव्याने सुरू होणाऱ्या या कथेला शेवट कोणता द्यावा, हाच भावी लेखक-दिग्दर्शकांपुढील खरा पेच ठरेल.