कुलपात ठेवलेली देवी

देवीच्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली केली. तरीही त्या रोगाचा विषाणू अमेरिकेतील अटलांटा आणि रशियातील कोल्त्सोवो येथील प्रयोगशाळांत आजही जतन करून ठेवलेला आहे. ३० जून १९९९ रोजी तो नष्ट करावा, अशी शिफारस १९९६ मध्ये झाली होती. पण संशोधनासाठी तो लागेल या कारणास्तव ती अंमलात आली नाही. या कारणात कितपत तथ्य आहे, हे पाहण्यास त्याच घराण्यातील एका विकराचा इतिहास उपयोगी पडेल.

पेशीतील निरोपांची ने-आण पुष्कळदा फॉस्फेटच्या साह्याने चालते. प्रथिनावर चिकटलेला फॉस्फेटचा गट जे विकर सोडविते, त्यास फॉस्फेटेज म्हणतात. विषाणूचा हल्ला होताच शरीरात इंटरफेरॉन स्रवते. त्याचा निरोप घेऊन केंद्रकात जाणाऱ्या स्टॅट-१ या प्रथिनास फॉस्फेट चिकटल्याखेरीज प्रतिकाराची जनुके जागी होत नाहीत. ज्यापासून देवीची लस बनत आली, तो व्हॅक्सिनिया विषाणू नेमका येथे घाव घालतो. व्हीएच-१ हे फॉस्फेटेज तो स्वतःच्या कणातच बांधून आणतो आणि स्टॅट-१ वरील फॉस्फेट काढून टाकतो. जासुदाला न मारता त्याच्या हातचा खलिता तेवढा काढून घ्यावा, तसा हा प्रकार!

हे विकर अवघ्या १७१ अमिनो आम्लांचे. त्याच्या उथळ खाचेच्या तळाशी ११० व्या स्थानी असलेले सिस्टीन आपल्या गंधकाच्या अणूने फॉस्फेटवर झडप घालते. जवळचे आर्जिनिन त्यास धरून ठेवते. ते सिस्टीन बदलले की विकर निकामी होते. टायरोसिन आणि सेरीन या दोहोंवरील फॉस्फेट ते सोडविते, हे ग्वान, ब्रॉयल्स व डिक्सन यांनी १९९१ मध्ये दाखविले. पुढे अशी विकरे माणसाच्याही पेशींत सापडली आणि त्यांपैकी एकाचे व्हीएचआर हे नाव या विषाणूच्या विकरावरूनच पडले.

यांतील कशासाठीही देवीच्या जिवंत विषाणूची गरज भासली नाही. त्याच्या जनुकांचा संपूर्ण मजकूर १९९० नंतरच्या दशकातच प्रसिद्ध झाला असून त्यावरून हवे ते प्रथिन जिवाणूंकडून करवून घेता येते. औषधांचे काय, असे कोणी विचारील. टेकोव्हिरिमॅटला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, ती माकडांतील मंकीपॉक्स व सशांतील रॅबिटपॉक्स यांवरील परिणामांच्या आधारे. २०२२ मध्ये मंकीपॉक्सची साथ पसरली, तेव्हा वापरलेली लसही व्हॅक्सिनियाचीच होती. मजकुरावरून विषाणू पुन्हा घडविता येतो, म्हणून नाश व्यर्थ आहे, असाही एक युक्तिवाद आहे. पण तो खरा मानला तर मग जतन तरी कशासाठी?

धोका मात्र काल्पनिक नाही. १९७८ मध्ये बर्मिंगहॅम येथे देवीचा अखेरचा बळी गेला. तो विषाणू कोणत्याही गावातील साथीतून नव्हे, तर प्रयोगशाळेतून आला होता. दोन्ही राष्ट्रांनी आता नाशाची नवी तारीख जाहीर करावी आणि ती पाळावी.