महिन्याची वर्गणी आणि पुण्याचा गेम

आमच्या मस्तगडच्या घरात सध्या एकच हट्ट चालू आहे. चिरंजीव म्हणतात, "आई, व्हिडिओ गेम विकत नको घेऊस, महिन्याची वर्गणी भर. शेकडो गेम खेळता येतात!" मला माहेरचं वाचनालय आठवलं. थोडी वर्गणी भरली की कादंबऱ्या, मासिकं घरी. पण तेव्हापासून आम्ही पुस्तक विकत घेणं जवळजवळ सोडलंच, हेही खरं.

पुण्यात 'नॉडिंग हेड्स गेम्स' ही छोटी कंपनी आहे. तिच्या 'राजी' या गेममधली पोरगी धाकट्या भावाला शोधायला राक्षसांशी लढते. (शूरच म्हणायची!) २०१७ साली लोकांकडून आगाऊ पैसे जमवायचा कंपनीचा प्रयत्न फसला. तरी २०२० मध्ये गेम निघाला. मायक्रोसॉफ्टची 'गेम पास' ही अशीच वर्गणी योजना. अशा योजनेत गेम दिला की बनवणाऱ्याला बहुधा ठरलेली रक्कम मिळते. नवख्याला तेवढाच आधार. पण विक्रीचं काय? योजनेत आलेल्या गेमची विक्री पुढच्या वर्षभरात घटते, हे खुद्द मायक्रोसॉफ्टनंच ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाला सांगितल्याचं २०२३ मध्ये बाहेर आलं.

बरं, वर्गणी तरी तेवढीच राहते का? ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत वरच्या श्रेणीची वर्गणी महिना २० डॉलरवरून ३० वर गेली!

शेवटी आमचं ठरलं. दिवाळीच्या सुट्टीत एक महिना वर्गणी भरायची, आणि जो गेम पुन्हा पुन्हा खेळावासा वाटेल तो वाढदिवसाला विकत घ्यायचा. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी 'राजी' लिहून झालंसुद्धा.