देवळात जाताना

देवळात जाताना आपण पायांतले जोडे बाहेर काढून ठेवतो. घाई मात्र बरोबर घेऊन आत शिरतो. आपल्या सहलींचा कार्यक्रमच पाहा ना! एका दिवसात पाच ठिकाणे आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा तास. त्यातलाही निम्मा वेळ मोबाइलवर फोटो काढण्यात जातो. प्राचीन मंदिर पाहण्याची ही रीत मला पटत नाही. मंदिराचा मान राखणे म्हणजे आधी त्याला वेळ देणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खिद्रापूरचेच उदाहरण घेऊ. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी, काळ्या पाषाणातले कोपेश्वराचे मंदिर आहे. ते शिलाहारांच्या काळी, बाराव्या शतकात घडले. त्याच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत. चौकोन, अष्टकोन, वर्तुळ असे त्यांचे आकार बदलत जातात. मंडपाचे छत मध्यभागी उघडे आहे. वर आकाशाचे वर्तुळ आणि बरोबर त्याखाली दगडाची वर्तुळाकार शिळा! धावत्या प्रवाशाच्या लेखी हे सारे 'छान आहे' एवढ्या दोन शब्दांत आटोपते. जो थांबतो त्याला मात्र प्रश्न पडतो : शंकराच्या देवळापुढे नंदी का नाही? मग गावातले कोणी जाणते कथा सांगते. सती नंदीवर बसून दक्षाच्या यज्ञाला गेली, म्हणून नंदी येथे नाही. तो कर्नाटकातल्या यडूरला आहे. सतीच्या अंतामुळे कोपलेला शंकर तो कोपेश्वर, आणि त्याला शांत करणारा विष्णू तो धोपेश्वर. गाभाऱ्यात दोघेही आहेत. ज्याला नंदीची उणीव जाणवली नाही, त्याला ही कथा कोण सांगणार?

माझा एक मित्र देव मानत नाही. "मंदिर म्हणजे शिल्पांचे संग्रहालय," असे तो म्हणतो. उलट काही भाविक "देव आमचा आहे," म्हणून कोरीव मूर्तींना तेल-कुंकू फासतात. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. जेथे आजही पूजा चालते, तेथे आरतीच्या वेळी बाजूला उभे राहणे हे नास्तिकालाही शोभते. आणि सात-आठशे वर्षांचा दगड पुढच्या पिढ्यांचाही आहे, हे भाविकाने विसरता कामा नये.

सर्वांत खेद वाटतो तो दगडावर कोरलेल्या प्रेमिकांच्या नावांचा. ज्या हातांनी हे खांब घडवले, त्यांची नावे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? आणि आपण मात्र खिळ्याने आपले नाव 'अमर' करून येतो! संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास १९५८ च्या कायद्याने शिक्षा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर ती दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, इतकी कडक झाली. पण पोलिसाच्या धाकाने राखलेला मान हा मान नव्हेच.

म्हणून माझी प्राध्यापकांना विनंती आणि मित्रांना आग्रह आहे : पुढच्या सहलीत पाच ठिकाणे नकोत, एकच मंदिर असू द्या, पण सबंध दिवस. प्रत्येकाने एक वही न्यावी, एक खांब निवडावा आणि त्याच्यापुढे तासभर बसावे. जे दिसेल ते लिहावे, जे कळणार नाही ते विचारावे. हात जोडायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. डोळे मात्र सर्वांनीच उघडे ठेवावेत.