सोपे इंग्रजी : 'हार्ड' आणि 'हार्डली'

गेल्या महिन्यात आपण विशेषणे पाहिली. आज क्रियाविशेषणांकडे, म्हणजे 'ॲडव्हर्ब'कडे वळू या. त्याआधी एक घडलेली गोष्ट सांगते.

कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहणारी एक मुलगी यंदा दहावीला आहे. तिचे अब्बा बोटीवर खलाशी आहेत. पहाटे काळोखात घराबाहेर पडायचे, जाळे ओढायचे, मासळी ससून डॉकला उतरवायची, की पुन्हा बर्फ भरायचा आणि निघायचे. शिष्यवृत्तीच्या अर्जात घराविषयी इंग्रजीत चार ओळी लिहायच्या होत्या. तिने मनापासून लिहिले, 'माय फादर वर्क्स हार्डली.' अर्ज पाठवण्याआधी ती माझ्याकडे आली. अब्बा सोबत होते. "बाई, माझ्याबद्दल काय लिहिलंय हिनं?" त्यांनी कौतुकाने विचारले. मला उत्तर देता येईना. कारण त्या वाक्याचा अर्थ होत होता : माझे वडील जेमतेमच काम करतात!

मुलीचा हिशोब चुकीचा म्हणता येणार नाही. 'स्लो'चे 'स्लोली', 'केअरफुल'चे 'केअरफुली', मग 'हार्ड'चे 'हार्डली' का नाही? विशेषणाला 'ली' जोडले की बहुतेक वेळा क्रियाविशेषण होते हे खरे. पण 'हार्ड', 'फास्ट', 'अर्ली', 'लेट' हे शब्द आहेत तसेच दोन्ही कामे करतात. काहींना 'ली' लावले तर अर्थच बदलतो :

'हार्ड' म्हणजे कष्टाने. 'हार्डली' म्हणजे जेमतेम.
'लेट' म्हणजे उशिरा. 'लेटली' म्हणजे अलीकडे.
'नियर' म्हणजे जवळ. 'निअरली' म्हणजे जवळजवळ.

उलट, 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' यांच्या शेवटी 'ली' असूनही ती विशेषणे आहेत. तेव्हा शेपटावर जाऊ नका, काम पाहा. क्रियापदाला प्रश्न विचारा : कसे? कुठे? कधी? किती वेळा? उत्तरात जो शब्द येईल तो क्रियाविशेषण. नाव क्रियेचे असले तरी हा शब्द विशेषणालाही जोर देतो. 'व्हेरी टायर्ड' मधला 'व्हेरी' हा तसाच.

आता आपल्या मराठीमुळे होणारी एक चूक. १८३६ साली दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण छापून आले, तेव्हापासून पिढ्यान्पिढ्या मुले व्याकरण शिकत आली आहेत. शाळेत आपण 'क्रियाविशेषण अव्यय' असे पाठ करतो. अव्यय म्हणजे न बदलणारे. पण बोलताना आपण 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते' असे म्हणतो. शब्द विशेषणासारखा बदलतो, म्हणून इंग्रजीतही विशेषणच तोंडात येते : 'शी सिंग्ज गुड'. बरोबर वाक्य आहे, 'शी सिंग्ज वेल'. तो असो की ती, 'वेल' बदलत नाही. तसेच आपल्या 'हळूहळू'चे 'स्लोली स्लोली' करू नका. एकदाच 'स्लोली' पुरे.

कधी हे काम एक शब्द करत नाही, शब्दांचा समूह करतो. 'ॲट डॉन' म्हणजे पहाटे, 'ॲट द डॉक' म्हणजे डॉकवर, 'विथ ग्रेट केअर' म्हणजे खूप काळजीने. मराठीत 'वर', 'ने' शब्दाच्या मागे चिकटतात. इंग्रजीत 'ॲट', 'विथ' पुढे उभे राहतात.

जागेचेही भान हवे. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून आपण म्हणतो, 'माणसांनी काल रात्री डॉकवर शांतपणे काम केले.' इंग्रजीत क्रियापद आधी येते आणि मग साधारण हा क्रम : कसे, कुठे, कधी. 'द मेन वर्क्ड क्वायटली ॲट द डॉक लास्ट नाइट.' मराठी वाक्य शेवटाकडून वाचत या, इंग्रजी क्रम हाती येतो. मात्र 'ऑलवेज', 'ऑफन', 'नेव्हर' हे किती वेळा ते सांगणारे शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी बसतात : 'ही ऑलवेज लीव्हज ॲट डॉन.' 'इज', 'आर', 'वॉज' असेल तर त्यांच्यानंतर : 'ही इज ऑलवेज टायर्ड.'

मुलीने अर्ज पुन्हा लिहिला : 'माय फादर वर्क्स हार्ड. ही ऑलवेज लीव्हज होम ॲट डॉन.' मग तिने अब्बांना मराठीत अर्थ सांगितला. ते काही बोलले नाहीत. कागदाची घडी मात्र त्यांनी स्वतः घातली आणि ओल्या हाताचा डाग पडू नये म्हणून आधी हात पुसून घेतले. दोन अक्षरांचा फरक. पण एका बाजूला कष्टाची कदर होती, दुसऱ्या बाजूला नकळत झालेला अपमान.

स्वाध्याय : पुढील वाक्ये इंग्रजीत लिहा. मुलांनी लिहावी, मोठ्यांनी तपासावी.

१. आपा छान लिहिते.
२. अब्बा काल रात्री उशिरा घरी आले.
३. खाला नेहमी लवकर उठतात.
४. अलीकडे आम्हाला मासळी जेमतेमच मिळते.

चौथ्या वाक्यात आजचे दोन शब्द एकत्र बसतात. उत्तरे पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह.